आईबाबा दोघंच घरी असतात. कोणती यंत्रं खरंच कामी आली?

सांजसावली

आई ७८, बाबा ८१. दोघंच राहतात, मी पाच तासांच्या अंतरावर.

चार महिन्यांपूर्वी आई पहाटे बाथरूममध्ये पडली. हाड मोडलं नाही, पण तिला उठता येईना. तिचा फोन उशीपाशी चार्जिंगला लावलेला. बाबा दहा पावलांवर झोपलेले, पण रात्री ते कानातलं यंत्र काढून ठेवतात. तिने किती हाका मारल्या ते ती सांगत नाही. सहाला बाबांना जाग आली तेव्हा ती दाराला पाठ टेकून बसली होती, खुंटीवरचा टॉवेल कसाबसा ओढून अंगावर घेतलेला. दोन तास तरी गेले असणार.

पुढच्याच आठवड्यात मी जाऊन कॅमेरे लावून आले. एक हॉलमध्ये, एक बेडरूममध्ये. दोघांना विचारलं नाही, नुसतं सांगितलं. पंधराव्या दिवशी बेडरूमचं चित्र एकदम पांढरं झालं. कॅमेरा बिघडला असं वाटून फोन केला, तर आई म्हणाली, "बिघडला नाही, मी रुमाल घातलाय." बाबांचा रुमाल, चौघडी करून, वाऱ्याने उडू नये म्हणून मागून सेफ्टी पिन लावलेला. मी चिडले. ती अजिबात चिडली नाही. म्हणाली, "तू कधी बघतेस ते मला कळत नाही. मग दिवसभर कुणीतरी बघतंय अशीच बसते मी. पाय वर घेऊन बसवत नाही गं."

ते ऐकल्यावर कॅमेरे काढले. आता फक्त हालचाल टिपणारे सेन्सर आहेत, पॅसेजमध्ये आणि स्वयंपाकघरात. ते चित्र घेत नाहीत, शरीराच्या उष्णतेची हालचाल ओळखतात. सकाळी आठपर्यंत घरात काही हाललं नाही तर मला मेसेज येतो. आईला हे चाललं. पण खरी अडचण तशीच आहे. मेसेज मला येतो, आठ वाजता. पहाटे चारला दहा पावलांवरच्या बाबांना कळायला हवं, त्याचं काय?

ज्यांनी या वाटेने आधी जाऊन पाहिलंय त्यांनी लिहा. जे आणून कपाटात पडून आहे तेही लिहा, त्याचा जास्त उपयोग होईल.

गवतफूल

मी फिजिओथेरपिस्ट आहे. ज्येष्ठांच्या घरी जाऊन व्यायाम घेते. सांजसावलीताई, यंत्रांच्या आधी एक प्रश्न आईंना विचाराल का? पाय घसरला होता, की उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली होती? दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि पडल्यावर सगळे हाड बघतात, हे कुणी विचारत नाही.

अंधारी आली असेल तर घरातलं बीपीचं यंत्र बाहेर काढा. दंडाला पट्टा बांधायचं असावं, मनगटाचं नको. पट्टा दंडाच्या मापाचा हवा, लहान पडला तर आकडा खोटाच वर जातो. आई पाच मिनिटं आडव्या राहू देत, मग मोजा. नंतर उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी परत मोजा, कुणीतरी अगदी शेजारी उभं राहून. मोजताना बोलायचं नाही. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. दुपारी खुर्चीत बसवून कितीही वेळा मोजलंत तरी हे दिसणार नाही. आणि गोळ्या स्वतःहून कमीजास्त करू नका, ते डॉक्टरांनीच करायचं.

घसरल्या असतील तर पलंगापासून बाथरूमपर्यंत हालचालीवर आपोआप लागणारे दिवे. प्लगमध्ये खोचायचे मिळतात. खाली, जमिनीजवळ लावा, मंद पिवळसर प्रकाशाचे. बटण चाचपत अंधारात दोन पावलं टाकावी लागतात ना, तिथेच घात होतो. आणि बाथरूममध्ये भिंतीत पक्के स्क्रू मारलेले धरायचे दांडे. व्हॅक्यूमवर चिकटवायचे दांडे लावू नका, कृपा करून. भार आला की सुटतात, मी सुटलेले पाहिलेत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी ६,८४,००० माणसं पडल्यामुळे दगावतात आणि त्यांत साठीपुढची सर्वांत जास्त. म्हणून आधी पडणं टाळायचं बघा, पडल्याचं कळवणारं यंत्र त्यानंतर.

वाटसरू

गवतफूल, फार उपयोगी लिहिलंत.

आमचा घड्याळाचा अनुभव. ॲपलने २०१८ मध्ये पडलेलं ओळखण्याची सोय आपल्या घड्याळात आणली, आता इतरही कंपन्यांच्या घड्याळांत ती असते. आपटल्याचा धक्का ओळखून ते विचारतं, ठीक आहात का? उत्तर नाही आणि सुमारे मिनिटभर हालचालही नाही, तर आपणहून मदतीसाठी फोन लावतं. बाबा एकदा जिन्यात पडले तेव्हा याने काम केलं, त्याबद्दल मी कायम ऋणी राहीन.

पण दुसऱ्या वेळी ते पलंगाच्या कडेवरून हळूहळू घसरत जमिनीवर आले. धक्का बसलाच नाही, घड्याळाला पत्ता नाही. म्हातारी माणसं अशी घसरत खाली बसतात हे पुष्कळदा होतं. शिवाय बाबा घड्याळ रात्री चार्जिंगला काढून ठेवायचे, म्हणजे ज्या वेळी सर्वांत जास्त गरज त्याच वेळी हात मोकळा. आंघोळीच्या वेळी चार्ज करा असं कुणी सुचवलं, तेही चूक, पडतात तर तिथेच. आता ते संध्याकाळी बातम्या बघताना समोर टेबलावर चार्ज करतात, आई शेजारी असते.

पडल्यावर दाबून मदत मागायचं, गळ्यात अडकवायचं बटण असतं, त्याचंही हेच. केंब्रिजमध्ये नव्वदीपुढच्या लोकांवर झालेला एक अभ्यास २००८ मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. घरात गजराची सोय असूनही, एकटं असताना पडलेल्या बहुतेकांनी ती वापरलीच नव्हती. काहींच्या अंगावर बटण नव्हतं, काहींना कुणाला त्रास द्यायचा नव्हता. माझ्या आईचंही बटण खुंटीवर असतं. विचारलं तर म्हणते, "मी काय आजारी आहे का?"

झुळूक

वाचतेय. एक छोटा प्रश्न. बाबांना पेसमेकर आहे आणि फोन कायम शर्टच्या खिशात. चालतं का?

गवतफूल

झुळूक, छातीवरच्या खिशात नको. फोन पेसमेकरपासून किमान १५ सेंटिमीटर लांब ठेवायचा आणि दुसऱ्या बाजूच्या कानाला लावायचा. हल्लीच्या काही फोनच्या पाठीत चार्जिंगसाठी चुंबकांचं कडं असतं, म्हणून हे आणखी महत्त्वाचं. आणि इंडक्शनची शेगडी वापरत असाल तर तिच्यापासून साधारण दोन फूट अंतर. पेसमेकर बसवताना मिळालेलं कार्ड पाकिटात असू द्या.

उंबरठा

मी थोडी वेगळी बाजू मांडतो. कॅमेरा वाईटच, असा सूर लागू नये म्हणून.

आईला स्मृतिभ्रंश आहे, सहा वर्षं झाली. दिवसा मदतीला एक ताई येतात. आमच्या घरात कॅमेरा आहे आणि तो नसता तर मला नोकरी सोडावी लागली असती. फक्त हॉलमध्ये. ताई कामावर येण्याआधीच त्यांना दाखवला, कुठवर दिसतं तेही त्यांच्यासमोर फोनवर उघडून दाखवलं. आईला आंघोळ घालणं, कपडे बदलणं यांतलं काहीही त्यात येत नाही. ती दिवसभर त्या घरात राबतात, त्यांनाही मान आहेच.

एक चूक सांगतो, तुम्ही करू नका. कॅमेऱ्याला स्पीकर होता. आई खुर्चीतून उठताना दिसली म्हणून मी ऑफिसमधून बोललो, "आई, बस, ताई येतायत." ती थिजली. भिंतीतून मुलाचा आवाज आला आणि मुलगा कुठेच नाही. त्यानंतर ती संध्याकाळभर मला पडद्यामागे, दारामागे शोधत होती. ताईंनी फोन करून सांगितलं तेव्हा मी जिन्यात जाऊन रडलो. स्पीकर त्याच दिवशी बंद केला.

आमच्याकडे सर्वांत जास्त उपयोग झाला तो दाराच्या चुंबकी सेन्सरचा. दोन तुकडे असतात, एक चौकटीला, एक दाराला. दार उघडलं की तुकडे लांब जातात आणि घंटी वाजते. दिवेलागणीला आईची घालमेल सुरू होते, "घरी जायचंय" म्हणत ती निघते. पूर्वी आम्ही कुलूप लावायचो. मग ती दार वाजवत बसायची. आणि आग लागली तर कुलूपबंद घरात काय होईल, या विचाराने मला झोप यायची नाही. आता घंटी वाजते, मी चपला घालून बरोबर निघतो. एक फेरी मारली की ती स्वतःच म्हणते, चल घरी.

अबोली

सांजसावलीताई, तुमचा मूळ प्रश्न वाचून राहवलं नाही. पहाटे चारला बाबांना कळायला हवं ना? त्याला इंटरनेट, ॲप, काहीही लागत नाही. माझे वडील दोन्ही कानांनी जवळजवळ बहिरे, म्हणून हे सगळं करून बसले आहे.

दाराच्या बिनतारी बेलचं बटण बाथरूममध्ये लावा. मात्र उभ्या माणसाच्या हाताच्या उंचीवर नको, जमिनीपासून वीतभर वर. पडलेल्या माणसाचा हात तिथवरच पोचतो. रुग्णालयांच्या स्वच्छतागृहांत मदतीची दोरी थेट जमिनीपर्यंत सोडलेली असते ती याचसाठी. पाणी उडेल, म्हणून पाणी न शिरणारं बटण घ्या. दुसरं टोक बाबांच्या उशीखाली. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी थरथरणारी चकती मिळते, रिसीव्हरला जोडलेली. बेल वाजली की उशी चांगलीच हादरते, शिवाय दिवा लुकलुकतो. अण्णा पहिल्या रात्री दचकून उठून बसले होते. घेताना बटण आणि चकती एकमेकांशी जुळणारी आहेत ना, एवढं बघा.

ऐकण्याबद्दलही लिहिते, कारण घरोघर लोक नुसतं ओरडतात. वयामुळे ऐकू येणं कमी होतं तेव्हा आधी उंच स्वर जातात. स, श, फ, थ यांसारखे आवाज पुसट होतात. म्हणून अण्णा म्हणायचे, "आवाज येतोय, शब्द येत नाही." ओरडल्याने आवाज मोठा होतो, शब्द स्पष्ट होत नाही. समोर बसून, तोंड दिसेल असं, जरा सावकाश बोललं की निम्मं काम होतं. उरलेल्यासाठी बोललेलं पडद्यावर लिहून दाखवणारी ॲप आहेत. गूगलचं एक २०१९ पासून फुकट मिळतं, मराठीही लिहितं. चुका करतं, नावं तर हमखास चुकवतं. पण डॉक्टरांसमोर टेबलावर फोन ठेवला आणि अण्णांनी दोन वर्षांत पहिल्यांदा डॉक्टरांना स्वतः उलट प्रश्न विचारला. एरवी डॉक्टर माझ्याकडे बघून बोलायचे आणि अण्णा आम्हा दोघांच्या तोंडाकडे बघत बसायचे.

कानातलं यंत्र रात्री ओलावा शोषणाऱ्या डबीत ठेवा. घामाने बिघडतात ती, आणि घरचे म्हणतात, म्हातारा वापरतच नाही.

सांजसावली

अबोलीताई, उशी हादरवणारी चकती! हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी सगळं माझ्या फोनपर्यंत कसं पोचेल एवढाच विचार करत होते. आजच मागवते.

गवतफूलताई, आईला विचारलं. घसरली नव्हती. "उठले आणि एकदम काळं दिसलं," म्हणाली. चार महिने झाले, मी हे विचारलंच नव्हतं. शनिवारी जाऊन तुम्ही सांगितलंत तसं मोजते.

कोरा कागद

दूर राहणाऱ्या सगळ्यांना एक विनंती. मी आईबाबांसोबत राहतो, बहीण लांब असते. तिनेच प्रेमाने घरात सेन्सर बसवून दिले. त्यानंतर मला ऑफिसात फोन येऊ लागले. "नऊ वाजले, स्वयंपाकघरात हालचाल नाही, आई उठली का?" "रात्री बाबा चार वेळा उठले, तू डॉक्टरांना सांगितलंस का?" चार वेळा उठले तेव्हा तीन वेळा मीच धरून नेलं होतं. सेन्सरला ते कळत नाही, तिला कसं कळणार.

एकदा मी फार कडू बोललो तिला. नंतर आम्ही शांतपणे बसून ठरवलं. सूचना आधी माझ्या फोनवर, मी वीस मिनिटांत पाहिली नाही तरच तिच्याकडे. औषधं मागवणं, बिलं, डॉक्टरांच्या वेळा हे सगळं तिने लांबून ऑनलाइन करायचं. आणि महिन्यातून एक शनिवार-रविवार ती येऊन राहते, मी बाहेर पडतो. आता ती फोन करते तेव्हा आधी विचारते, "तू कसा आहेस?"

सूचना कुणाला, कितीनंतर, हे यंत्र भिंतीला लावायच्या आधी ठरवा.

दीपमाळ

कोरा कागद, अगदी मनातलं लिहिलंत. सांभाळणाऱ्या माणसाच्या पाठीवर कुणी हात ठेवत नाही.

औषधांबद्दल माझं. फोनवरचा गजर आमच्याकडे चालला नाही. गजर वाजला की सासरे 'घेतली' हे बटण दाबायचे, म्हणजे आवाज बंद होतो. गोळी तशीच. शेवटी आठवड्याचे सात, सकाळ-संध्याकाळचे वेगळे असे कप्पे असलेला साधा डबा घेतला. कप्पा रिकामा की भरलेला, हे डोळ्यांना दिसतं. रात्री जेवणानंतर सासरे त्याचा फोटो पाठवतात. त्या फोटोच्या निमित्ताने दोन शब्द बोलणं होतं. काही गोळ्या ओलाव्याने किंवा उजेडाने खराब होतात, त्या पाकिटातून काढून ठेवू नयेत. औषधविक्रेत्याला विचारून घ्या. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्यांचे तुकडे करू नका.

सगळ्या औषधांची नावं, मात्रा, ॲलर्जी आणि जवळच्या माणसाचा नंबर फोनमधल्या आपत्कालीन माहितीत भरून ठेवा. फोन लॉक असला तरी ती उघडते. सासऱ्यांना रस्त्यात चक्कर आली तेव्हा एका अनोळखी मुलीने तिथूनच माझा नंबर काढला.

ज्यांच्याकडे दंडावर साखर मोजणारा सेन्सर आहे त्यांच्यासाठी: रात्री त्याच कुशीवर झोपलं तर दाब पडून साखर खोटीच कमी दिसते आणि गजर वाजतो. आम्ही दोन रात्री घाबरून उठवून साखर दिली. आता आधी कूस बदलायला सांगतो आणि बोटाचं रक्त तपासतो. मात्र घाम, थरथर, बोलण्यात गोंधळ दिसला तर तपासण्यात वेळ घालवायचा नाही.

वाटसरू

गॅस गळती ओळखणारा सेन्सरही बसवा. लोक कुठेही लावतात म्हणून सांगतो. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली साचतो, त्याचा सेन्सर जमिनीजवळ हवा. नळातून येणारा नैसर्गिक गॅस हलका, वर जातो, त्याचा छताजवळ. वय वाढलं की वास येणंही कमी होतं, म्हणून नाकाच्या भरवशावर राहू नका.

आणि राउटरला बॅटरीचा बॅकअप. वीज गेली की सगळे सेन्सर मुके होतात, आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे.

झुळूक

पेसमेकरच्या उत्तरासाठी धन्यवाद. बाबांनी खिसा बदलला.

फसवणुकीच्या फोनबद्दलही इथेच लिहिते. "तुमचा मुलगा अडचणीत आहे, लगेच पैसे पाठवा" असा फोन बाबांना आला, मागे रडण्याचा आवाज. हल्ली आवाजाची नक्कलही करता येते. बाबांनी पैसे पाठवले. त्यानंतर महिनाभर ते फोनला हातच लावत नव्हते, आणि आम्ही "असं कसं केलंत?" म्हणत राहिलो, त्याचं मला आज जास्त वाईट वाटतं. आता घरात एक खुणेचा शब्द ठरवलाय. पैशाचा विषय निघाला की तो विचारायचा, मी असले तरी. दूरवरून आपला पडदा दुसऱ्याला दाखवणारं ॲप मी सोयीसाठी टाकलं होतं, तेही काढून टाकलं.

उंबरठा

जपानमध्ये झोजिरुशी कंपनीने २००१ मध्येच पाणी तापवायची एक किटली आणली. ती केव्हा वापरली हे दूरच्या मुलांना कळतं, बाकी काही कळत नाही. सांजसावलीताईंच्या आईंचा रुमाल वाचला तेव्हा मला ती आठवली. आपण रोज वापरतो ती वस्तूच सांगते, मी उठले, मी बरी आहे. कुणी बघत बसलेलं नाही.

सांजसावली

सहा आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल क्षमा.

आडवी असताना आईचं बीपी १४८/८२ आलं. उभं राहिल्यावर एका मिनिटाने १२१/७४. तीन मिनिटांनीही फारसं वर आलं नव्हतं. तीन दिवस पहाटे मोजलं, तिन्ही दिवस असंच. डॉक्टरांनी कागद बघून एक गोळी बदलली, एकीची वेळ बदलली. उठताना आधी पलंगाच्या कडेवर दोन मिनिटं पाय सोडून बसायचं, हेही सांगितलं. आता आई स्वतःच वहीत आकडे लिहिते. रकाने तिने आखलेत, लाल पेनने. "उभी" आणि "आडवी". मी ॲपचं नाव काढलं तर म्हणाली, "वही डॉक्टरांसमोर ठेवता येते." मी ॲपचा विषय सोडला.

दिवे लावले. दांडे भिंतीत पक्के बसवून घेतले. बाथरूममध्ये वीतभर उंचीवर बटण, बाबांच्या उशीखाली चकती. बसवल्यावर मी आईला म्हटलं, खरंच जमिनीवर बसून दाबून बघ. ती भिंतीला धरून हळूच खाली बसली, जिथे तेव्हा बसली होती त्याच जागी. मला ते बघवेना. तिने बटण दाबलं. बाबा मुद्दाम यंत्र काढून, डोळे मिटून पडले होते. ते उठून आले, दार उघडलं आणि काहीच न बोलता तिच्या शेजारी फरशीवर बसले.

सेन्सर राहू दिलेत, पण आठचा मेसेज आता आधी बाबांच्या फोनवर जातो. कोरा कागद यांचं वाचून बदललं.

दुसरं एक बटण आईच्या पलंगाजवळ लावलंय आणि छोटा थरथरणारा रिसीव्हर बाबा दिवसा खिशात ठेवतात. काल रात्री मी त्यांच्याशी फोनवर बोलत होते. बोलता बोलता ते थांबले, म्हणाले, "थांब, तुझी आई बोलावतेय," आणि फोन टेबलावर तसाच ठेवून निघून गेले. बराच वेळ मला फक्त त्यांच्या दोघांच्या बोलण्याचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मग मीच फोन ठेवला.